पिस्तुलाची मूठ आणि माझं मनगट

हस्त नक्षत्र लागलं की माझं मनगट शिवशिवायला लागतं. दुखत नाही बरं का. दुखणं वयाचं असतं, त्याला गोळी मिळते. हे शिवशिवणं भांडणाचं आहे. परवा माजलगावात भर दुपारी आभाळ भरून आलं, धरणाकडून गार वारं सुटलं, आणि बँकेच्या काउंटरवर शिक्के मारता मारता माझा उजवा हात थांबला. बोटं वळली, मूठ झाली. समोरचे काका दचकले. "म्याडम, रागावल्या का काय?" म्हटलं, "तुमच्यावर न्हाई हो. लई जुना राग हाय." ते पासबुक घेऊन जरा लांबच उभे राहिले.

पावसावर लिहिणारे सगळे जूनमध्येच लिहून मोकळे होतात. आमच्या केज तालुक्याचा जीव मात्र हस्तात अडकलेला असतो. जूनचा पाऊस आला आला म्हणेपर्यंत निघून जातो, त्याच्या भरवशावर कोण बसतंय! ज्वारी पेरायची ती हस्ताच्या ओलीवर. काळी जमीन वरून सुकलेली, आतून बोटभर ओली. पाय टाकला की धरते आणि सोडताना ओढते. बांधावरच्या गवताला कच्चा वास येतो. बैलांच्या गळ्यातल्या घंटा लांबच्या रानातून ऐकू येतात. युसूफ वडगावला आमचं किराणा दुकान आणि थोडी शेती होती. दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. शेत आईचं म्हणायला हरकत नाही, कारण तिच्याइतकं त्यात कुणी राबत नव्हतं. आणि पेरणीचं चाडं माझं.

चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीवरचं लाकडी भांडं, तळाला भोकं असलेलं. बैल तिफण ओढतात, आपण तिच्यासोबत चालायचं, मुठीत ज्वारी घ्यायची, हात चाड्यावर धरायचा आणि बोटांतून दाणे सोडत राहायचं. ते नळ्यांतून जमिनीत जातात. ह्याला चाड्यावर मूठ धरणं म्हणतात. हात सैल सुटला तर ज्वारी दाट उगवते, आखडला तर विरळ, आणि उगवून आलं की अख्ख्या गावाला दिसतं कुणाची मूठ कशी होती ते. बाईची परीक्षा चुलीपाशी होते म्हणतात. साफ खोटं. ती शिवारात होते, उघड्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकासमोर. "पोरीची मूठ लई सारखी हाय," असं शेजारच्या बाया म्हणायच्या, तेव्हा मला बारावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

त्या मुठीचं सगळं मर्म मनगटात होतं. मनगट वर ताणलं की बोटं आखडतात. दाणे अडकतात आणि मग एकदम भसकन सांडतात. मनगट जसं आहे तसं राहू दिलं, जरासं खाली उतरतं तसं उतरू दिलं, की बोटं मोकळी होतात. हे मला कुणी शिकवलं नाही. तिफणीमागं उन्हातानात चाललं की हात आपणच सांगायला लागतो.

आणि अशा त्या हातात एक दिवस पिस्तूल आलं.

मी बीडला कॉलेजात होते. जो तो 'बाजार उघडला, बाजार उघडला' म्हणत होता ती वर्षं. आप्पांच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या, गावच्या चौकात एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, आणि एका माडीवर डिश बसल्यापासून बायका संध्याकाळी भाकरी लवकर उरकत होत्या. पंधरा ऑगस्टला आमचे प्राचार्य म्हणाले, "आता जगाशी जुळवून घ्यायला शिका." टाळ्या पडल्या. त्याच झपाट्यात संस्थेनं एक परदेशी एअर पिस्तूल आणलं. माणूस मारायचं नव्हे, खेळाचं. दहा मीटरवरून कागदाच्या चकतीवर छर्रे मारायचं. कॉलेजमागच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात रेंज झाली. भिंतींच्या भेगांत अजून कापूस होता, छर्रा सुटला की तो हलायचा.

शिकवायला सर होते. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे आपल्याच जिल्ह्याचे, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणारे. उजव्या मनगटाला कायम कातडी पट्टा. आवाज असा की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. "मनगट वर!" हा त्यांचा एकच मंत्र.

आता ह्यात भांडण कसलं, ते सांगते. स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या, मुठीत उभं धरा आणि हात समोर सरळ करा. मनगटाला त्रास देऊ नका. लाटणं सरळ उभं राहिलं का? नाही राहत. त्याचं वरचं टोक पुढं झुकतं. सगळ्यांचंच झुकतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. आता त्या लाटण्याच्या डोक्यावर काटकोनात एक नळी बसवली आहे असं समजा. नळी कुठं बघेल? जमिनीकडं. कॉलेजच्या पिस्तुलाची मूठ नळीला अशीच काटकोनात होती. ज्यानं ते बनवलं त्याच्या हाताला बसत असेल, आपलं काय म्हणणं नाही. माझ्या हातात मात्र ते मान खाली घालून उभं राहायचं. डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, की नळीच्या टोकावरची माशी, जी मागच्या खाचेत बरोबर मधे दिसायला हवी, ती खाचेच्या खाली बुडालेली. मग ती वर काढायला मनगट वर ताणायचं. ताणलं की कोपरापर्यंत कळ. कळ आली की हात थरथरणार, आणि चाप ओढणारं बोट आखडणार. छर्रा कुठंही. हे नेमबाजीचं गणित मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण चाड्यावर मी ते आधीच शिकले होते.

"सर," मी म्हटलं, "ह्याची मूठ जरा तिरपी पाहिजे."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही मूठ परदेशातल्या कारागिरानं बनवली. तुजं मनगट कुणी बनवलं?"

"देवानं."

"मग देवाचं काम कच्चं हाय. हत्यार बदलत नसतंय, जवान बदलतो. आमी फौजेत अशीच मनगटं तयार केलीत."

पोरं हसली. मग तांब्या आला. पाण्यानं भरलेला तांब्या मुठीत धरून, मनगट वर ताणून उभं राहायचं. रोज. हाताला सूज आली. वेणी घालता येईना, होस्टेलच्या मैत्रिणी घालून द्यायच्या. पेन धरलं की अक्षर जिना चढल्यासारखं वर वर जायचं. सर म्हणायचे, "दुखतंय म्हंजे तयार होतंय." सरांचा मुळात वाईट हेतू नव्हता, हे आज मला कळतं. पण चांगल्या हेतूनं दिलेली कळसुद्धा कळच असते.

आणि मला जायचं होतं. दसऱ्यानंतर औरंगाबादला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. आमच्या कॉलेजातून मुलींत मी एकटीच उरले होते, बाकीच्या तांब्यातच गळाल्या. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मनगट वर आलं तर तू. न्हाई तर नाव खोडलं." मला तो संघ हवाच होता. शेतातली मूठ घरासाठी होती, दुकानातलं वजन-माप घरासाठी, शिक्षणसुद्धा 'पुढं उपयोगी पडेल' म्हणून. दहा मीटरवरची ती काळी चकती कुणालाच उपयोगी नव्हती. ती फक्त माझी होती. अशी एखादी निरुपयोगी गोष्ट आपली असावी असं पोरीला वाटू नये का? का वाटू नये?

पेरणीसाठी मी गावी आले तेव्हा सरांनी पिस्तूल सोबत दिलं. सराव चुकता कामा नये, हा हुकूम. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत वर शेपूची जुडी ठेवून मी ते एसटीतून आणलं. सकाळी चाड्यावर मूठ धरायची आणि दुपारी दुकानामागं भुशाच्या पोत्याला कागद लावून नेम. एकच हात, एकाच दिवसात. सकाळी तो खुशीत गाणं म्हणायचा आणि दुपारी बेजार व्हायचा. मला दुसरा पुरावा कशाला पाहिजे होता?

त्याच हस्तात एक स्थळ येऊन गेलं. मुलाची आत्या मोठी बोलकी बाई. पोहे खाता खाता आईला म्हणाली, "बाकी काय न्हाई, पोरगी जुळवून घेईल ना?" आई म्हणाली, "घेईल की! लई गुणाची हाय." मी पाण्याचे पेले ठेवले आणि म्हटलं, "काय काय जुळवून घ्यायचं हाय ते आधी सांगा की." पोहे संपले, चहा संपला, स्थळही संपलं. आई नंतर फणफणली, "जिभेला काय हाड?" आप्पा दुकानाच्या दारात पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे ते हसत होते.

आप्पांना माझ्या नेमबाजीचं कोडं पडलेलं असायचं. आम्ही लिंगायत, घरात ढेकूण मारायचा म्हटलं तरी आप्पा दोनदा विचार करणार. पण ते कधी नको म्हणाले नाहीत. पहाटे त्यांची पूजा चालायची. डाव्या तळहातावर इष्टलिंग, हात छातीसमोर, नजर त्याच्यावर खिळलेली. मी लहानपणापासून बघत आले होते, पण त्या वर्षी पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांचा हात रोज त्याच जागी यायचा आणि जराही थरथरायचा नाही. मी विचारलं, "आप्पा, हात दुखत न्हाई?" ते म्हणाले, "कावून दुखंल? हात जिथं राहतो तिथंच ठिवायचा. त्याला हालवायचा नस्तो, आपुन सरकून बसायचं." मी त्या दुपारी पोत्यासमोर उभी राहिले, डोळे मिटले, हात उचलला. नेम उजवीकडं गेलेला दिसला तेव्हा हात ढकलला नाही, पाय सरकवले. नेम मधे आला. आडवं भांडण मिटलं. उभं भांडण मात्र राहिलं होतं, कारण नळी अजूनही खालीच बघत होती आणि ते पाय सरकवून सुटणारं नव्हतं.

तिफणीचं काम करायला सुतारमामा आले होते. दांडा सैल झाला होता, त्यांनी लाकडाची लहानशी पाचर ठोकली आणि दांडा हवा तसा बसला. मी बघत राहिले. विळ्याला पाचर, खुरप्याला पाचर, कुदळीला पाचर. आमच्या घरातलं एक अवजार असं नव्हतं की जे हाताप्रमाणं बसवून घेतलेलं नाही. मग ह्या एका पिस्तुलाचीच एवढी आरती कशासाठी?

मामा जेवायला बसले तसा मी एक तुकडा उचलला, त्यांच्या कानशीनं घासला. मुठीच्या मागच्या बाजूला, खाली, जिथं तळहाताची गादी टेकते, तिथं तो सरसानं चिकटवला. वरून सरसात भुसा कालवून लिंपलं. म्हणजे तळहाताची गादी मागं सरकली, मूठ तिरपी झाली, आणि नळीनं मान वर केली. मामांनी हात धुता धुता पाहिलं. "कावून गं, पिस्तुलाला पाचर?" म्हटलं, "का, त्याला काय मान मोठा हाय का?" ते म्हणाले, "मला काय, सरस माजा परत दे."

डोळे मिटले. हात उचलला. डोळे उघडले. माशी खाचेत. बरोबर मधे. मी रडले, खरं सांगते. एवढ्याशा लाकडासाठी मी आठवडेच्या आठवडे हात सुजवून घेतला होता!

आराम हा शब्द आमच्याकडं बाईच्या बाबतीत शिवीसारखा वापरतात. 'आरामात बसलीय', 'आराम सुचतोय'. पण आरामात धरल्याशिवाय नेम लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. बँकेतली माझी खुर्ची कुणा उंच माणसाच्या मापाची आहे. माझे पाय टेकत नाहीत म्हणून मी खाली पाट ठेवला, तर साहेब म्हणाले, बरं दिसत नाही. स्वयंपाकघराचे ओटे गवंड्याच्या उंचीचे. एसटीचा दांडा धरायला बाईनं टाचा उचलायच्या. आणि खांदे भरून आले की डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. व्यायाम करीन हो, पण आधी खुर्ची बदला! जगातली निम्मी दुखणी अशीच आहेत. वस्तू चुकीची असते, औषध माणसाला देतात.

असो. खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा. आईनं अंगण सारवून चाडं, विळा, खुरपी, आप्पांचा तराजू, सगळं ओळीनं मांडलं. मी अंघोळ करून येईपर्यंत ओळीत पिस्तूलही होतं. "हत्यारच हाय ना? मग त्याला कावून वगळायचं?" असं आईचं म्हणणं. तिनं नळीत झेंडू खोचला होता, तो मी घाईनं काढला. पण मुठीवर तिनं बोटानं ओलं कुंकू लावलं होतं, अगदी भक्तीनं, चांगलं चोळून, आणि नेमकं पाचरीवर. वरचं सरस-भुशाचं लिंपण अजून पुरतं वाळलं नव्हतं. कुंकू त्यात मुरलं. मी ओल्या फडक्यानं पुसलं, राखेनं घासलं, पण ते जायला तयार नाही. मी ती पाचर लाकडाच्या रंगाची करून ठेवली होती, म्हणजे सरांच्या डोळ्यांवर येऊ नये. ती आता लालभडक.

बीडला सरांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "रक्त कावून लागलंय? कुणाला लागलं?"

"कुंकू हाय सर. खंडेनवमीचं."

त्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला, हे मी पाहिलं. मग अंगठा फिरवला. पाचर हाताला लागली. "हे काय?"

"पाचर."

"संस्थेच्या मालाला पाचर मारलीस?"

"सर, एकदा मारून तर बघते तुमच्यासमोर. डोळे मिटून हात उचलते, नळी बरोबर..."

"डोळे मिटून नेम धरतात का बे?" त्यांनी पोरांना म्हणतात तसं मलाच बे म्हटलं, इतके ते चिडले होते. "मी मनगट तयार करायला लागलो आन् तू माज्या शिकवण्यालाच पाचर मारतीस." पिस्तूल त्यांनी पेटीत टाकलं, पेटी काखेत मारली आणि निघून गेले. नाव खोडलं का ठेवलं, हे मला औरंगाबादला निघायच्या दिवसापर्यंत कळलं नाही. स्टँडवर त्यांनी माझंही तिकीट काढलं, तेव्हा कळलं.

औरंगाबादच्या रेंजवर गर्दी होती. दुसऱ्या कॉलेजच्या मुलींकडं आपापली पिस्तुलं होती, काहींच्या मुठींवर बोटांच्या खाचासुद्धा कोरलेल्या. मी बघतच राहिले. सरांनी माझ्या हातात पेटी दिली. उघडली. मूठ साफ होती. पाचर तासून काढलेली, वर पॉलिश. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "जसं आलं तसं हाय. आता मनगट दाखव."

मी डोळे मिटून हात उचलला. उघडले. माशी बुडालेली. कोपरात ती ओळखीची कळ उठली. माझ्या गटाची वेळ जवळ येत होती. इथं ना सुतार, ना सरस. मी पिशवी उलटी केली. कंगवा, रुमाल, आईनं बांधून दिलेल्या दशम्या. दुधात पीठ भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या, प्रवासाच्या, आदल्या दिवशीच्या, चिवट झालेल्या. मी एक दशमी मोडली, नळाखाली भिजवली आणि बाकावर बसून कणकेसारखी मळली. घट्ट गोळा झाला. तो मुठीच्या मागं खाली दाबला, हात आवळून माझ्या गादीचा साचा पाडला, आणि वेणीची रिबीन सोडून करकचून गुंडाळली. शेजारची पोरगी तोंडावर हात ठेवून बघत होती. बघू दे म्हटलं.

तपासणीला एक चष्मेवाले निरीक्षक बसले होते. प्रत्येक पिस्तूल मापाच्या पेटीत ठेवून बघायचे. माझं हातात घेतलं आणि नाकाशी नेलं. "हे काय आहे?"

"ज्वारी, सर."

"काय?"

"दशमी. मूठ तिरपी करायला लावलीय."

मागून आमचे सर धावत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "साहेब, माफ करा, पोरगी येडी हाय. काढ गं ते! कॉलेजची इज्जत घालवतीस का? काढ, न्हाई तर उतरवतो तुला."

त्या संघासाठी मी काय काय सोसलं होतं ते माझं मला माहीत. आणि तरी माझ्या तोंडून शब्द गेला, "उतरवा."

सरांनी पिस्तुलाकडं नेलेला हात मागं घेतला.

"उतरवा सर. पण त्या मुठीनं मी मारणार न्हाई. माजा हात दुखतो. तुमी मला इतक्या दिवसांत एकदा तरी विचारलं का, दुखतो का म्हणून? दुखतो. लई दुखतो. ज्या हातानं मी अख्खं रान पेरते, त्या हाताला तुमी कच्चा म्हणता. हात कच्चा न्हाई. मूठ चुकीची हाय."

निरीक्षकांनी पिस्तूल मापाच्या पेटीत ठेवलं. मावलं. मग माझ्या हातात देऊन रिबीन मनगटाला टेकते का ते वाकून बघितलं. टेकत नव्हती. "मनगटाला आधार नको, एवढाच नियम," ते म्हणाले. "मूठ कशाची असावी ते लिहिलेलं नाही." मग सरांकडं वळले. "तुम्ही उतरवणार असाल तर आत्ता सांगा. मला जागा दुसऱ्याला द्यायची आहे."

सर आपल्या मनगटावरच्या पट्ट्याशी चाळा करत उभे राहिले. निरीक्षकांनी वाट पाहिली आणि माझ्या नावापुढं खूण केली.

नेम धरताना काय वाटलं असं मला लोक विचारतात. काहीच वाटलं नाही, तीच तर मजा. हात वर गेला आणि थांबला. माशी खाचेत होती. बोट मोकळं होतं, चाड्यावर असतं तसं, आणि एक एक छर्रा हलकेच सुटत गेला. शेवटी शेवटी दशमी जरा सैल झाली, एकदोन छर्रे वर गेले. पण हात दुखला नाही. पूर्ण फेरीत एकदाही नाही. शेजारच्या मुली हात झटकत होत्या आणि मी उगाच लाज वाटल्यासारखी नुसती उभी होते.

दुपारी नावं वाचली. संघात माझं नाव शेवटचं होतं. शेवटचं का असेना, होतं! मी बाकावर बसले आणि उरलेली दशमी चटणीशी खायला घेतली. सर येऊन शेजारी बसले. मग त्यांनी पेटी उघडली, पिस्तूल काढलं, माझी रिबीन तशीच ठेवून मूठ हातात घेतली. भिंतीकडं तोंड केलं. आणि डोळे मिटले. हात उचलला, डोळे उघडले.

"हे तर आभाळाकडं बघतंय," ते म्हणाले.

"तुमच्या हातात बघणारच सर. ते माज्या हातावर केलंय."

त्यांनी हात खाली घेतला. डाव्या हातानं पट्ट्यावरून मनगट दाबलं. आवाज नेहमीचा नव्हता, पण हार मानायची सवय नसलेला माणूस तो; अडून बसल्यासारखं म्हणाले, "आन् उद्या दुसरी पोरगी आली तर? तिला काय तुजी ही दशमी लावून देऊ?"

"न्हाई सर," मी घास गिळून म्हटलं. "ती तिची पाचर घिऊन येईल."